बाहुलीचें झबलें आणि वाढदिवसाची आगगाडी

महाभारताच्या विराटपर्वांत एक लहानसा प्रसंग आहे. कौरवांनीं विराटाच्या गाई वळवून नेल्या आहेत, राजा दुसरीकडे त्रिगर्तांशीं झुंजण्यांत गुंतला आहे, आणि कोवळा राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून रथावर चढत आहे. अशा घाईच्या वेळीं त्याची बहीण उत्तरा आपल्या सख्यांसह पुढें येते आणि बृहन्नडेला सांगते कीं, भीष्मद्रोणादिकांना जिंकून परत येतांना त्यांचीं तलम, रंगीबेरंगी वस्त्रें आमच्या बाहुल्यांसाठीं घेऊन ये. बृहन्नडेच्या वेषांतील अर्जुन हंसून होकार देतो. पुढें घनघोर युद्ध होतें, संमोहनास्त्रानें कौरववीर मूर्च्छित पडतात, आणि नेमकी त्या क्षणीं अर्जुनास मुलींच्या मागणीची आठवण होते. द्रोण व कृप यांचीं शुभ्र, कर्णाचें पिवळें, अश्वत्थामा व दुर्योधन यांचीं निळीं अशीं वस्त्रें तो राजपुत्राकडून काढून घेववितो. भीष्म शुद्धीवर आहेत, त्यांच्या वाटेस जाऊं नको, असें बजावावयासही विसरत नाहीं. नगरांत परतल्यावर तीं वस्त्रें तो स्वतः उत्तरेच्या हातीं देतो.

बाहुलीला नेसवावयास कांहीं तरी हवें, ही मागणी इतकी जुनी आहे. आणि ती ज्यानें पुरी केली तो पुरुष केवढा, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. या प्रसंगाची आठवण होण्यास कारण झालें तें आमच्याच ब्रह्मपुरी तालुक्यांतील एका भगिनीचें पत्र. तिचा मुलगा येत्या महिन्यांत पांच वर्षांचा होईल. वर्गांतील सर्व मुलांनीं आपापल्या वाढदिवसास केक कापला म्हणून त्यालाही केक हवा आहे. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, आपल्या घरीं तिथीनें औक्षण होतें. अंड्याचें पक्वान्न या ओट्यावर यावयाचें नाहीं. यजमानांनीं नागपुराहून मोटारगाडीच्या आकाराचा, दोन हजार रुपयांचा केक मागविण्याचें ठरविलें आहे. इकडे महिन्याच्या वाणसामानाची उधारी अजून फिटावयाची आहे. धाकट्या मुलीच्या बाहुलीसाठीं या भगिनीनें लोकरीचें झबलें विणावयास घेतलें, तर त्यावर "रिकामा उद्योग" असा शेरा मिळाला. कोणाचें मन मोडावें, एवढेंच तिनें विचारलें आहे.

आमचें उत्तर असें कीं, कोणाचेंच मोडूं नये, आणि मोडण्याचें कारणही नाहीं. परंतु हें उत्तर पटावयाचें तर प्रत्येकाची बाजू थोडी तपासून पाहिली पाहिजे.

सासूबाईंची बाजू प्रथम घेऊं, कारण ती निराधार नाहीं. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनीं १७९० सालीं पूर्ण केलेल्या धर्मसिंधु ग्रंथांत वर्धापनाचा विधि दिला आहे. जन्मतिथीस स्नान करून मार्कंडेयाचें, तसेंच अश्वत्थामा, बलि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांचें पूजन करावें, आणि तीळ व गूळ घातलेलें दूध अर्धी ओंजळ प्राशन करावें, असा त्याचा गाभा आहे. त्या दिवशीं नखें व केस कापूं नयेत असेंही सांगितलें आहे. केक कापण्याविषयीं ग्रंथकार अर्थातच मौन धरून आहे. वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, या सातांपैकीं कृप व अश्वत्थामा या दोघांचीं वस्त्रें उत्तरेच्या बाहुल्यांना मिळालीं होतीं. तेव्हां वाढदिवसाच्या देवता बाहुलीच्या कपड्यांविषयीं अगदींच उदासीन असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां सुनेची बाजू. तारखेनें साजरा होणारा वाढदिवस ही गोष्ट आपल्या घरांत मुख्यत्वें शाळेच्या दारानें आली. पूर्वी बापाला मुलाची तिथि ठाऊक असे, नक्षत्र ठाऊक असे, ज्या सालीं नदीला मोठा पूर आला तें सालही ठाऊक असे. परंतु इंग्रजी तारीख विचारली कीं तो मास्तरांकडे पाही. मग दाखल-खारीज रजिस्टरांत १ जून नाहीं तर १ जुलै अशी तारीख पडे. महाराष्ट्रांतील कितीएक वडीलधारी मंडळी अशी एकाच दिवशीं जन्मलेली आहेत, आणि निवृत्त झालीं तींही एकाच दिवशीं. तारखेचा वाढदिवस इतका अलीकडचा आहे. तरी मुलाच्या दृष्टीनें तो खराच आहे, कारण त्याचे सोबती तोच जाणतात. तिथीस औक्षण व तारखेस खाऊ असे दोन दिवस मिळाले, तर कोणतें मूल तक्रार करील?

राहतां राहिला केकच्या परकेपणाचा प्रश्न. मुलाच्या वाढदिवसास मेणबत्त्या लावलेला केक ही अठराव्या शतकांतील जर्मन घरांची चाल. ती पुढें इंग्रजांत रुळली व त्यांच्यामागून आपल्याकडे आली. दोन सुयांचें लोकरीचें विणकामही असेंच युरोपीयांच्या संसर्गानें आलें. परंतु परकें म्हणून टाकावयाचें ठरविलें, तर आरंभ एकादशीपासून करावा लागेल. उपवासाच्या खिचडींतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, तींतील शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतील आहेत. तीं आपल्या पूर्वजांनीं नुसतीं स्वीकारलीं नाहींत, तर देवाच्या दिवशीं ताटांत वाढलीं. कोणतीही वस्तु घरची होते ती आपण तिला कसें हाताळतों त्यावरून. अंडें न घालतां उत्तम केक होतो, तो कसा, हें पुढें सांगूंच.

यजमानांची बाजू मात्र आम्हांस अधिक काळजीची वाटते, आणि तिचा विचार आपल्या एका नाटककारानें फार पूर्वी करून ठेवला आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाचें नांवच मातीच्या गाड्यावरून पडलें आहे. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाड्याशीं खेळून आला आहे. दासी रदनिका त्याला मातीचा गाडा करून देते; तो मुलाला नको, त्याला सोन्याचाच हवा. त्याचें रडणें वसंतसेनेस पाहवत नाहीं. ती आपले दागिने उतरून त्या मातीच्या गाड्यांत भरते आणि सांगते, याचा सोन्याचा गाडा करून घे. येथपर्यंत प्रसंग गोड आहे. परंतु तेच दागिने पुढें न्यायसभेंत मैत्रेयाच्या काखेंतून गळून पडतात, चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ सिद्ध झाल्यासारखा होतो, आणि तो वधस्तंभापर्यंत जाऊन पोंचतो. शेवट गोड झाला म्हणून बरें. पण एका मुलानें शेजाऱ्याचें खेळणें पाहिलें एवढ्यावरून घर केवढ्या संकटांत सांपडतें, हें कवीनें दाखवून ठेवलें आहे.

आज सोन्याच्या गाड्याच्या जागीं दोन हजारांचा केक आला आहे. ज्या घराला तो सहज परवडतो त्याला दोष देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु वर्गांत चाळीस मुलें असतात. एका वाढदिवसाची उंची दुसऱ्या घरांत मोजली जाते, आणि ती गांठतां आली नाहीं तर बाप ओशाळा होतो. बापाचें तें ओशाळेपण मूल न सांगतां ओळखतें. रदनिकेच्या गाड्यांत उणें काय होतें? तो मातीचा होता हें नव्हे. तो मुलाच्या हातांत तयार होऊन आला होता, मुलाचा हात त्याला लागला नव्हता. त्या बालकास चिखल मळूं दिला असता, चाकें करूं दिलीं असतीं, तर सोन्याच्या गाड्याची आठवण त्याला इतक्या तीव्रतेनें झाली असती कीं नाहीं, याचा विचार प्रत्येक आईबापानें करावा.

अशी मुलाच्या हाताची जोड देण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. आमच्या विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्हा पोळा असतो. १८०६ सालीं दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं तो सुरू केला, अशी नागपूरकरांची परंपरा आहे. मुलांचे लांकडी बैल त्या दिवशीं सजवितात. बैल सुताराकडून आणलेला असतो. परंतु त्याची झूल आजीच्या जुन्या लुगड्याच्या कांठाची, शिंगांचा बेगड मुलानें स्वतः चिकटविलेला, आणि गळ्यांतील माळ आईनें ओंवलेली असते. त्या बैलाची दोरी धरून मूल घरोघर जातें व बोजारा मिळवून आणतें. बोरन्हाणाच्या वेळीं हलव्याचे दागिने करतात, तेही याच जातीचे. मंद आंचेवर परातींत तीळ किंवा साबुदाणा घेऊन त्यावर पाकाचे थेंब देत देत कांटा आणावयास दिवसच्या दिवस लागतात. मग त्यांचा मुकुट, बाजूबंद व बांसरी होते, आणि बाळकृष्ण झालेलें तें बालक स्वतःचा मुकुट चाखून पाहतें. आणि रोजच्या स्वयंपाकांत उरलेल्या कणकेची चिमणी करून तव्यावर भाजून देणारी आई तर प्रत्येक घरांत होऊन गेली आहे. आकाराचा खाऊ म्हणजे जर वाढदिवसाचा केक, तर ती चिमणी त्याची थोरली बहीण होय.

ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि पुढें कोसबाडास अनुताई वाघांनीं तें काम वाढविलें. तेथें पानें, बिया, खडे, माती, काड्या यांवरच बालवाडी चालली. विकतचें खेळणें परवडत नव्हतें हें एक कारण होतें. परंतु मुलाच्या भोंवतालच्या वस्तूंतून त्याचा हात व बुद्धि जागी होते, हें त्यांचें तत्त्व होतें. वाढदिवसालाही तेंच लावून पाहावें.

आतां कृति. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, एक वाटी ताजें गोडसर दहीं, अर्धी वाटी बिनवासाचें तेल, सवा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. दहीं व साखर एकत्र घोटून त्यांत बेकिंग पावडर व सोडा घालावा. मिश्रण फसफसूं लागलें कीं तेल घालावें व शेवटीं चाळलेला मैदा हलक्या हातानें मिसळावा. दह्यांतील आंबटपणा व सोडा यांचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायु निघतो, तोच केकला फुगवितो. म्हणून मिश्रण झाल्यावर गप्पा मारीत बसूं नये, तो वायु आपल्यासाठीं थांबत नाहीं. भांड्याला तेल लावून, मैदा भुरभुरून त्यांत हें ओतावें. ओव्हन असल्यास १८० अंशांवर सुमारें ३० ते ३५ मिनिटें पुरतात. नसल्यास जुन्या कुकराची शिटी व रबरी कडें काढावें, तळाशीं मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई व तिवईवर भांडें ठेवून मंद आंचेवर ४० ते ४५ मिनिटें ठेवावें. कुकरांत पाणी घालूं नये. काडी खुपसून कोरडी निघाली कीं झालें. अंड्यावांचून जें व्हावयाचें तें सर्व येथें होतें, आणि सासूबाईंच्या ओट्यास बाध येत नाहीं.

आकार देण्यास सांचा लागतो ही समजूत काढून टाकावी. सुरी व थोडी कल्पना पुरे. गोल केक मधोमध चिरून दोन्ही अर्धुकें पाठीला पाठ लावून मांडलीं कीं फुलपांखरूं होतें. चौकोनी केकचें घर होतें. लांबट केकचे चार ठोकळे केले कीं आगगाडी तयार. गेल्या मार्गशीर्षांत आमची नात सहा वर्षांची झाली, तेव्हां आमच्या घरीं हीच गाडी निघाली होती. इतवारीहून उमरेड, भिवापुरावरून नागभीडला येणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आमच्या पिढीनें पाहिली. रूळ रुंद करण्यासाठीं ती २०१९ सालीं बंद झाली. नातीनें ती कधींच पाहिली नव्हती, म्हणून तीच करावयाची असें ठरलें. गोल बिस्किटांचीं चाकें लागलीं. डब्यांत काय भरावयाचें यावर घरांत मोठा खल झाला. अखेर एका डब्यांत ब्रह्मपुरीचा तांदूळ म्हणून साळीच्या लाह्या, दुसऱ्यांत चंद्रपूरचा कोळसा म्हणून काळे मनुके, आणि तिसऱ्यांत जंगलचीं लांकडें म्हणून बेसनाच्या जाड शेवेचे तुकडे भरले. भूगोलाचा धडा इतक्या लौकर पाठ झालेला आम्हीं शाळेंत कधीं पाहिला नव्हता.

"आजोबा, ही गाडी आता कुठे गेली?" नातीनें विचारलें.

"मोठी व्हायला गेली," आम्हीं सांगितलें.

"मी पण मोठी झाले की! मला कुठे बंद केलं?" असें म्हणून तिनें इंजिनाचें पहिलें चाक खाऊन टाकलें.

गंमत अशी कीं, पृथ्वीच्या पाठीवर आणखी एका देशांत वाढदिवसाचें दैवत आगगाडीच आहे. 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' या नियतकालिकानें १९८० सालीं मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचें एक पुस्तक काढलें. त्याच्या मुखपृष्ठावर खाऊनें भरलेल्या डब्यांची आगगाडी आहे. त्या देशांत दोन पिढ्या या पुस्तकावर वाढल्या. मूल पुस्तक मांडीवर घेऊन पानें उलटावयाचें, एक चित्र निवडावयाचें, आणि आईनें आदल्या रात्रीं तें करावयाचें, अशी तेथील रीत पडली. त्यांतील पुष्कळ कृतींचा आरंभ दुकानांतील तयार पाकिटापासून होतो, आणि केलेले केक मुखपृष्ठासारखे दिसत नसत, हें तेथील लोक आज हंसून सांगतात. तरी आठवण राहिली ती त्या वांकड्या केकांचीच. हें नियतकालिक पुढें मासिक झालें, नांव मात्र वीकलीच राहिलें. तेंही वांकडेंच, आणि तेंही चालून गेलें.

एक सूचना आमच्या भागापुरती. लोणी सुमारें ३२ ते ३५ अंशांवर वितळतें, आणि ब्रह्मपुरीचा वैशाख ४५ अंशांचीही मर्यादा ओलांडतो. म्हणून व्हिडिओंत दिसणारे लोण्याचे उंच मनोरे उन्हाळ्यांत येथें उभे राहावयाचे नाहींत. पिठीसाखर चमचाभर दुधांत घट्ट कालवून तिचा पातळ लेप द्यावा. तो वाळून बसतो. गुलाबी रंगास बिटाचा रस, पिवळ्यास केशर पुरे. मेणबत्त्यांविषयीं म्हणाल, तर २०१७ सालीं अमेरिकेंतील क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांना फुंकरीमुळें लेपावरील जंतु सरासरीनें १४०० टक्क्यांनीं वाढलेले आढळले. निरोगी माणसाला त्यांत फारसें भय नाहीं. परंतु निरांजन ओंवाळावें, तें शांत तेवूं द्यावें, आणि मग केक कापावा, या क्रमाला आजी व वैद्य या दोघांचाही पाठिंबा मिळेल.

बाहुलीच्या कपड्यांकडे वळूं. बाहुली चिंध्यांची असो, लांकडी ठकी असो, कीं १९५९ सालीं अमेरिकेंत निघालेली साडेअकरा इंची बार्बी असो, तिला थंडी वाजते ही गोष्ट मुलीला शिकवावी लागत नाहीं. तिच्या कपड्याला लोकर लागते ती उरलीसुरली. मोठ्याचा स्वेटर उसवला कीं त्यांतून बाहुलीची पेटीभर वस्त्रें निघतात. दोन पदरी लोकर व बारा क्रमांकाच्या बारीक सुया घ्याव्या; सुयांच्या क्रमांकांत आंकडा वाढला कीं सुई बारीक होते, हें नवशिक्यांनीं ध्यानांत ठेवावें. वैनगंगेपलीकडे आरमोरीकडे ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. त्या कोशाच्या कापडाचा एखादा तुकडा मिळाला तर बाहुलीचा शालू होतो. चंद्रपूरच्या रानांत बांबूला तोटा नाहीं; घोटून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या सुया मुलांच्या हाताला धातूच्या सुयांहून अधिक मानवतात, टाके त्यांवरून घसरत नाहींत.

मोजमाप हा खरा आनंदाचा भाग, निदान शाळामास्तराला तरी. प्रथम वीस-पंचवीस टाक्यांचा एक लहान तुकडा विणून पाहावा व एका इंचांत किती टाके बसतात तें मोजावें. आमच्या नातीच्या तुकड्यांत आठ बसले. बाहुलीची छाती दोऱ्यानें मोजली, ती पांच इंच भरली. "एका इंचाला आठ, तर पांच इंचांना किती?" हा प्रश्न पाटीवर घातला असता तर तिनें खिडकीबाहेर पाहिलें असतें, येथें तिनें "चाळीस" असें ओरडून सांगितलें, आणि मागें गुंडी लावण्यासाठीं दोन-तीन टाके जास्त हवेत हें आजीनें सांगण्याआधीं तिच्याच लक्षांत आलें. त्रैराशिक तें हेंच. खालचा कांठ एक सुलट एक उलट अशा विणीनें चार ओळी, मग एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी उंची होईपर्यंत, बगलेपाशीं टाके कमी करावयाचे व खांद्यावर बंद करावयाचे. एवढ्यांत झबलें होतें. एखादा टाका निसटला तर तो मुलाला उसवूं द्यावा. लोकर ही फार क्षमाशील वस्तु आहे. ती पुन्हां गुंडाळतां येते.

तीन वर्षांच्या आंतील मुलाच्या बाहुलीला गुंड्या, मणी, टिकल्या लावूं नयेत. मूल त्या तोंडांत घालतें व त्या घशांत अडकतात. तेथें दोऱ्याचें फूल काढावें. गळ्याभोंवतीं लांब नाडीही नको.

आतां एक गोष्ट, जी न लिहिली तर हा लेख अपुरा राहील. "घरीं केलेलें बरें" असें म्हणणें पुरुषाला फार सोपें असतें, कारण करणारी दुसरीच असते. नोकरी करून थकून आलेल्या सुनेनें रात्रीं बारापर्यंत जागून केक करावा, पहांटे उठून औक्षणाची तयारी करावी, आणि आम्ही खुर्चीवर बसून घरगुती संस्कृतीची प्रशंसा करावी, हा न्याय नव्हे. अशा रीतीनें होणार असेल तर केक दुकानांतून आणावा, पण लहान आणावा, आणि त्या रात्रीं घरच्या बाईला झोंप मिळूं द्यावी. घरचें म्हणजे घरांतील सर्वांचें. मैदा चाळणें, भांडें घांसणें, कोळशाचे मनुके निवडणें, हीं कामें बापाला व आजोबाला येतात. सुई ही केवळ बायकांची आहे हेंही आम्ही मानीत नाहीं. संत नामदेव शिंपी होते. युरोपांत मोजे विणणाऱ्यांचे संघ एके काळीं पुरुषांचेच असत. पाऊणशें पावलांवरच्या मैदानांत फेऱ्या मारून घरीं येणाऱ्या सेवानिवृत्त गृहस्थांनीं संध्याकाळचा अर्धा तास दोन सुयांना दिला, तर डोळ्यांना व बोटांना चाळा राहतो, आणि नातवंड कुतूहलानें जवळ येऊन बसतें. हल्लीं तें आपण होऊन जवळ येऊन बसतें असे प्रसंग थोडे राहिले आहेत. ज्यांचीं नातवंडें पुण्याला, बंगळुराला किंवा समुद्रापलीकडे आहेत, त्यांना तर सांगावयासच नको: बाहुलीचा स्वेटर पाकिटांत मावतो, त्याचें वजन एका पत्राहून फार नसतें, आणि तो पोंचला कीं पलीकडून फोन येतोच.

तेव्हां त्या भगिनीला आमचें सांगणें असें. तिथीच्या दिवशीं सासूबाईंच्या हातून औक्षण व्हावें आणि तीळगुळाचें दूध मुलाला त्यांनींच द्यावें. तारखेच्या आदल्या दिवशीं दुपारीं वर लिहिलेल्या कृतीनें केक करावा. दहीं घोटावयास मुलाला बसवावें, मैदा चाळावयास यजमानांना. मुलाला मोटारगाडी हवी आहे ना? लांबट ठोकळ्यावर आंखूड ठोकळा ठेवला, चार बिस्किटें लावलीं, कीं मोटारगाडी झाली. तिचें एक चाक लहान असलें तरी हरकत नाहीं. दोन हजारांतून वाणसामानाची उधारी थोडी फिटेल. बाहुलीच्या झबल्याच्या बाह्या सासूबाईंना विणावयास द्याव्या. आमच्या पिढीच्या बहुतेक बायकांना सुलट-उलट येतें, कोणी विचारीत नाहीं म्हणून सुया पेटींत पडून राहतात. त्या नको म्हणाल्या, तर लोकरीची गुंडी धरावयास तरी सांगावें. गुंडी धरणाऱ्याला उठून जातां येत नाहीं, आणि समोरासमोर बसलेलीं दोन माणसें फार वेळ अबोल राहूं शकत नाहींत.

मोटारगाडी कशी झाली तें अवश्य कळवावें. फोटो पाठविल्यास चाकें मोजून पाहूं.